स्वतः खेळलो म्हणून दुसऱ्या खेळाडूचं मन कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ११ वर्षं स्पर्धात्मक पोहलात, २०० मीटर बटरफ्लाय हा मुख्य प्रकार, खांदा गेला म्हणून १४ महिन्यांपूर्वी थांबलात, वय २९. आता क्रीडा मानसशास्त्रज्ञ किंवा परफॉर्मन्स कोच व्हायचं आहे. त्यासाठी पदव्यांच्या मागे पाच-सहा वर्षं घालवायची, की तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून सरळ कामाला लागायचं, असं विचारताय. आणि पुढे तुमचं वाक्य आहे: "ब्लॉकवर उभं राहिल्यावर डोक्यात काय चालतं ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही."

त्या वाक्यापाशी मी थांबले. साधारण याच अर्थाचं वाक्य मी १६ वर्षांपूर्वी माझ्या एका प्राध्यापिकेला ऐकवलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. "बरं, बघू," एवढंच म्हणाल्या. तेव्हा मला वाटलं, त्यांना पटलं.

मी ८०० मीटर धावायचे. फार मोठं नाव नव्हतं, पण नऊ वर्षं दुसरं काही केलं नाही. २६व्या वर्षी थांबले, मग मानसशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचं काम, आणि आता बरीच वर्षं हाच व्यवसाय. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोर्सच्या यादीने सुरू न करता त्या "बरं, बघू"चं पुढे काय झालं तिथून करते. (यातल्या खेळाडूंची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शिकाऊ असताना माझ्याकडे १७ वर्षांची एक बॅडमिंटनपटू आली. निर्णायक गेममध्ये १९-१५ अशी पुढे असताना सलग सहा गुण घालवून हरली होती. त्याआधीच्या स्पर्धेतही शेवटी असंच काहीसं झालेलं. मी मनात म्हटलं, हे तर मला पाठ आहे. ८०० मीटरला शेवटचे १५० मीटर उरलेले असतात, तुम्ही पुढे असता, आणि मागून खिळ्यांच्या बुटांचा, स्पाइक्सचा आवाज येऊ लागतो. खांदे कानाला लागतात, पाऊल आखडतं. मी तिला हे सगळं सांगितलं, माझी एक शर्यत तर अगदी रंगवून सांगितली. ती मान डोलवत होती. हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढत होती, लावत होती, काढत होती, लावत होती. शेवटी मी तिला श्वासाचा एक व्यायाम दिला आणि सेशन छान झालं अशा समजुतीत घरी गेले. पुढच्या आठवड्यात ती आली नाही.

त्या सेशनचं रेकॉर्डिंग होतं, तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने केलेलं. माझ्या सुपरव्हायझरने ते ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यात ती किती वेळ बोललीये?" आम्ही घड्याळ लावून मोजलं. ५० मिनिटांत ११ मिनिटं. दुसरा प्रश्न: "ही मॅच जिंकली असती तर पुढे काय होणार होतं, हे विचारलंस?" नव्हतं विचारलं. हरण्याच्या भीतीवर मी इतकी ठाम होते की जिंकण्याचा विचारच डोक्यात आला नाही.

महिनाभराने ती परत आली तेव्हा विचारलं. ती जिंकली असती तर वरच्या गटात तिची निवड नक्की होती, म्हणजे निवासी कॅम्प. आणि त्या कॅम्पमधल्या एका प्रशिक्षकाबद्दल तिने मोठ्या मुलींकडून काही ऐकलं होतं. घरी सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तिच्या हातून गुण जात होते. ठरवून नव्हे, पण जात होते. मी तिला ज्या भीतीवरचं औषध दिलं, ती तिला नव्हतीच.

आता विचार करा, हे तुमच्यासमोर आलं तर पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय कराल? ती १७ वर्षांची आहे. तुम्ही गोपनीयतेचं वचन दिलंय. तुम्ही ऐकलेली गोष्ट ऐकीव आहे, पण खरी असेल तर आणखी मुली धोक्यात आहेत. कुणाला सांगायचं, तिला आधी काय सांगायचं, कुठली नोंद ठेवायची, आणि पहिल्याच भेटीत गोपनीयतेच्या मर्यादा कशा शब्दांत सांगून ठेवायला हव्या होत्या? याची उत्तरं स्पर्धेच्या अनुभवातून येत नाहीत. मला ती माहीत होती कारण ती शिकवली गेली होती, आणि तरीही ते कळवणारा फोन करताना माझा हात थरथरत होता.

म्हणजे तुमच्या अनुभवाला किंमत नाही का? आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे ओळखा. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सहानुभावाबद्दल जे मांडलं, त्यात एक लहानसा शब्द फार महत्त्वाचा आहे: 'जणू'. समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं अनुभवायचं, पण ते 'जणू' सुटू द्यायचं नाही. जो कधी खेळला नाही त्याला पहिला अर्धा भाग कठीण जातो. खेळाडूच्या जगात शिरायलाच त्याला कष्ट पडतात. आपल्यासारख्यांचं उलटं असतं. आपण धाडकन आत शिरतो आणि 'जणू' दारातच पडून राहतो. मग समोरचा बोलतो आणि आपण स्वतःलाच ऐकतो.

दार मात्र आपल्याला चटकन उघडतं, हे खरं. "तुम्ही स्वतः खेळलायत का?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, आणि "हो, ८०० मीटर" म्हटल्यावर समोरचा खुर्चीत मागे टेकतो. कोलमन ग्रिफिथ हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, ज्याने १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, त्याला १९३८ मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाने बोलावलं होतं. अभ्यास दांडगा, पद्धत शिस्तीची. पण संघाच्या मॅनेजरने आणि खेळाडूंनी त्याला फारशी साथ दिली नाही आणि त्याच्या अहवालांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. ज्ञान असून ड्रेसिंग रूममध्ये परकं राहणं काय असतं, त्याचं हे जुनं उदाहरण. तो परकेपणा तुम्हाला कमी भोगावा लागेल.

शिवाय बारीकसारीक गोष्टी तुम्हाला दिसतील ज्या इतरांना दिसत नाहीत. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडू थांबतात त्या खोलीत, कुणी तिसऱ्यांदा लेस बांधतंय, कुणी गॉगलचा पट्टा विनाकारण ओढून पाहतंय, कुणी आज नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारतंय. वेळापत्रक २० मिनिटांनी पुढे ढकललं की वॉर्म-अपची ऊब कशी विरून जाते, हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. मी हे भांडवल मानते. पण त्यावर पहिली दहा मिनिटं निघतात. अकराव्या मिनिटाला लागतं ते निराळंच.

आणि दुसऱ्या खेळात तर हे भांडवल उलटू शकतं. मी धावणारी, शर्यतीआधी मला शांत राहून फायदा व्हायचा, म्हणून सुरुवातीला जो येईल त्याला मी शांत करत सुटले होते. एका वेटलिफ्टरला दोन आठवडे दीर्घ श्वसन शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "ताई, तुम्ही मला झोपवलंत." त्याचं बरोबर होतं. बारपाशी जाताना त्याला धगधगतं असायला लागायचं, मांड्यांवर थापा मारून, आरडाओरडा करून. युरी हानिन या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी हेच संशोधनातून दाखवलं की सर्वोत्तम कामगिरीची मनःस्थिती प्रत्येक खेळाडूची वेगळी असते; एकाची चिंता दुसऱ्याचं इंधन असू शकते. मग त्याच्यासोबत बसून मी त्याच्या चांगल्या आणि वाईट स्पर्धांच्या आधीच्या अर्ध्या तासाची तुलना केली, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

आता शिक्षणाकडे. पुस्तकातून काय मिळतं, असा तुमचा रोख आहे. मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छान वाटणाऱ्या विधानाकडे संशयाने बघायची सवय. एक उदाहरण देते. तुम्ही तो उलट्या यू आकाराचा आलेख पाहिला असेल: ताण फार कमी तर कामगिरी वाईट, फार जास्त तरी वाईट, मधे उत्तम. जवळजवळ प्रत्येक झटपट कोर्समध्ये तो असतो आणि खाली यर्कीज आणि डॉडसन, १९०८ असं लिहिलेलं असतं. त्या दोघांचा मूळ प्रयोग होता उंदरांवर. उंदरांना पांढरी आणि काळी अशा दोन पेट्यांमधली योग्य पेटी निवडायला शिकवायचं, चुकलं की विजेचा झटका. झटका कमी-जास्त केला की शिकण्याचा वेग कसा बदलतो हे पाहायचं. स्पर्धेतला ताण तिथे कुणी मोजला नव्हता. खेळाडूंवर तो आलेख नंतर बसवला गेला. तो अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, मीही कधीकधी कागदावर काढून दाखवते. पण तो कुठून आला हे माहीत असलं की तो वेटलिफ्टरच्या डोक्यावर आपटायचा मोह आवरतो.

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. दडपणाखाली सरावलेलं कौशल्य का मोडतं? खेळाडू म्हणून तुमचं उत्तर असेल, "घाबरल्यामुळे." रॉय बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की दडपण आलं की लक्ष आत वळतं, आपण आपल्याच हालचालीवर पहारा ठेवू लागतो, आणि जे हात न विचारता करत होते ते विस्कटतं. १९९२ मध्ये रिचर्ड मास्टर्स यांनी गोल्फमधला पटिंगचा फटका, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालणं, शिकवून पाहिला. ज्यांना नियम सांगून शिकवलं होतं ते दडपणाखाली ढासळले. ज्यांना नियम न सांगता, डोकं दुसऱ्या कामात गुंतवून शिकू दिलं होतं ते टिकले. आता यातून सल्ला बदलतो की नाही बघा. ढासळणाऱ्या खेळाडूला आपण सहज सांगतो, "तंत्रावर लक्ष दे, कोपर वर ठेव." अशा वेळी हा सल्ला आगीत तेल ठरू शकतो. मी माझ्या धावण्याच्या काळात स्वतःला नेमकं हेच सांगायचे: खांदे खाली, खांदे खाली. नऊ वर्षं. ते चुकत होतं हे मला धावणं सोडल्यावर वर्गात बसून कळलं, आणि त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

पण सगळं बिघडणं म्हणजे चोक होणं, असं दडपणाखाली ढासळणं नव्हे, हेही लगेच सांगते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवरच्या उडीत अडीच ट्विस्ट, म्हणजे अंगाभोवतीच्या गिरक्या, घ्यायचं ठरवलं होतं. हवेत दीडच झाले आणि ती कशीबशी उतरली. हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान सुटतं; जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात. ती बाजूला झाली तेव्हा "मन घट्ट करायला हवं होतं" असं सांगणारे पुष्कळ निघाले, त्यात माजी खेळाडूही होते. त्या अवस्थेत मन घट्ट करून उडी मारणारा माणूस मानेवर पडू शकतो. तिने त्याच स्पर्धेत बॅलन्स बीमवर कांस्य घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला परत येऊन तीन सुवर्णपदकं जिंकली. "दात-ओठ खाऊन कर" आणि "आज थांब" यातलं कधी काय म्हणायचं हे ओळखणं आपल्या कामाचा गाभा आहे, आणि खेळाडू म्हणून आपल्याला फक्त पहिलंच शिकवलेलं असतं.

तर कोर्स की पदवी? हे तुम्हाला कुठलं काम करायचंय आणि तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. परफॉर्मन्स कोच, मेंटल कोच ही नावं बहुतेक ठिकाणी कुणीही लावू शकतं. त्यावर कायद्याचं बंधन नसतं. मानसशास्त्रज्ञ या नावाचं तसं नाही. अमेरिकेत त्यासाठी राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रज्ञ ही उपाधी कायद्याने राखलेली आहे आणि नोंदणीशिवाय ती वापरणं गुन्हा ठरतो. तुमच्या इथला नियम आधी नीट वाचा, कोर्स विकणाऱ्याला विचारून नव्हे, नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून. अमेरिकेतल्या क्रीडा मानसशास्त्राच्या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी किमान पदव्युत्तर पदवी, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तासांचा अनुभव आणि वर परीक्षा लागते. तीन महिन्यांच्या कोर्सशी तुलना करायला हा आकडा डोक्यात ठेवा.

माझं मत विचाराल तर पदवी घ्या. परिस्थिती तशी नसेल, घरची जबाबदारी असेल, तर कोच म्हणून मर्यादित काम करता येतं: ध्येय ठरवणं, स्पर्धेपूर्वीचं रुटीन बसवणं, व्हिज्युअलायझेशन (स्पर्धा मनात डोळ्यांसमोर आणून पाहणं), लक्ष कुठे ठेवायचं याचा सराव. चांगले कोच मी पाहिले आहेत. त्यांच्यात आणि वाईट कोचमध्ये फरक एकच दिसला: चांगल्यांना आपली हद्द कुठे संपते ते ठाऊक असतं आणि पलीकडे कुणाला फोन करायचा त्याचा नंबर त्यांच्याकडे असतो. आणि दोन्ही वाटांवर सुपरव्हिजन हवंच. ते तुमच्या पैशाने घ्यावं लागलं तरी घ्या. मला ११ मिनिटांचा आकडा दुसऱ्या कुणीच सांगितला नसता.

हद्दीचं एक उदाहरण देते, कारण हे सारखं घडतं. एका लांब पल्ल्याच्या धावपटूला प्रशिक्षकाने माझ्याकडे पाठवलं: "हिची जिद्द गेलीये, जरा मोटिव्हेट करा." ती चिडचिडी झाली होती, झोप लागत नव्हती, वेळा घसरत होत्या, आणि दर दोन महिन्यांनी नवीन दुखणं. माझ्यातली जुनी धावपटू म्हणाली, हा ओव्हरट्रेनिंगचा कंटाळा आहे, मलाही व्हायचा. पण शिकवणीने विचारायला लावलं: काय खातेस, पाळी नियमित येते का? सात महिने आली नव्हती. तिला ती कडक सरावाची खूण वाटत होती, थोडा अभिमानच होता. जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी खाण्यातून मिळत नसेल तर हाडं, संप्रेरकं, झोप, मूड सगळं बिघडतं; आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड्स असं नाव दिलं आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते. त्या दिवशी मी तिला एकही मानसिक तंत्र शिकवलं नाही. क्रीडावैद्यक डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि त्यांच्यासोबत काम करत राहिले. मोटिव्हेट केलं असतं तर तिचं हाड मोडेपर्यंत ती धावली असती, इतकी गुणी होती.

पैसे कोण देतं हाही प्रश्न आत्ताच मनात घोळवून ठेवा. संघ तुम्हाला नेमतो, पण बोलतो खेळाडू. एका संघासोबत असताना निवडीच्या आदल्या रात्री एका अधिकाऱ्याने मला चहाला बोलावून विचारलं, "अमुकचं डोकं ठिकाणावर आहे ना? हो की नाही एवढंच सांगा." मी सांगितलं नाही. पुढच्या मोसमात माझा करार झाला नाही. दोन्हींचा संबंध होता का, मला सिद्ध करता येणार नाही. पण खेळाडूंना ते कळलं, आणि पुढे जे माझ्याकडे खासगीत आले त्यांतले निम्मे त्याच संघातले. करार करतानाच लिहून घ्या: उपस्थिती कळवेन, मजकूर नाही. खेळाडू म्हणून आपल्याला निवड समितीला खूश ठेवायची सवय लागलेली असते. ती इथे महागात पडते.

आता जे तुम्ही विचारलं नाही त्याबद्दल. १४ महिने. हे काम करावंसं वाटतं याचं एक कारण खेळाडूंना मदत करणं हे असेल, मी नाकारत नाही. पण तुमच्या मजकुरात "स्विमिंगपासून लांब राहणं सहन होत नाही" हे दोनदा आलंय. मानसशास्त्रज्ञ ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खेळाडू म्हणून असलेल्या ओळखीवर जे लिहिलं त्याचा सारांश असा: ती ओळख घट्ट असली की सरावात, शिस्तीत बळ मिळतं, पण माणसाकडे ती एकच ओळख असेल तर दुखापत किंवा निवृत्ती त्याला पार उघडं पाडते. माझं तसंच झालं होतं. धावणं सुटल्यावर दोन वर्षं मी स्टेडियमवरून जाणारा रस्ता टाळत होते, आणि तेव्हाच "मला खेळाडूंसाठी काम करायचंय" हे ठरवून टाकलं. निर्णय बरोबर निघाला, पण कारण अर्धं चुकीचं होतं. पहिली काही वर्षं कुठलाही खेळाडू पदक घेऊन आला की मला आनंदाच्या खाली काहीतरी टोचायचं. मत्सरच तो, दुसरं नाव देऊन काय उपयोग. ज्या दिवशी मी स्वतः एका समुपदेशकाकडे जाऊन माझ्या शेवटच्या शर्यतीबद्दल बोलले, त्यानंतर ते हळूहळू निवलं. तुमचा खांदा, तुमची शेवटची स्पर्धा, हे कुठेतरी नीट बोलून घ्या. नाहीतर पहिला दुखावलेला पोहणारा तुमच्यासमोर बसेल आणि तुम्ही त्याला सल्ला देण्याऐवजी स्वतःच्या निर्णयाची वकिली कराल: मी थांबलो म्हणून तूही थांब, किंवा मी थांबलो ते चुकलं म्हणून तू थांबू नकोस.

रोजचं काम कसं असतं, हेही जाता जाता. अंतिम सामन्याआधी कानात मंत्र सांगायचे प्रसंग वर्षातून दोन-चार येतात, तेही आले तर. बाकीचं काम म्हणजे सकाळी सहाला मैदानाच्या कडेला उभं राहणं, कुणाशीही न बोलता. नोंदी लिहिणं. एखाद्या खेळाडूसोबत सर्व्हपूर्वीचं आठ सेकंदांचं रुटीन तीन महिने घासत बसणं. प्रशिक्षकाला पटवणं की मुलांना "डोकं वापर" असं ओरडून सांगितल्याने डोकं वापरलं जात नाही. आत्मविश्वास भाषणाने वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडलं त्यानुसार त्याचा सर्वांत पक्का पाया म्हणजे स्वतः केलेली कामगिरी, दुसऱ्याचं "तू करशील" त्यापुढे फिकं. म्हणून आमचा वेळ सरावात छोटी, खरी, मोजता येणारी यशं रचण्यात जातो. कंटाळवाणं वाटेल. पण तुम्ही वर्षानुवर्षं टाइल्सवरची काळी रेघ बघत पोहलाय, कंटाळ्याचं तुम्हाला नवल नसावं.

मग आत्ता काय करावं? नोकरी सोडू नका. प्रवेशाचे नियम काढा. तुमची पहिली पदवी मानसशास्त्राची नसेल तर काही ठिकाणी रूपांतराचा अभ्यासक्रम चालतो, काही ठिकाणी मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि पाच वर्षं की सात हे त्यावरच ठरेल. या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा, त्यातला एक तरी कधीच न खेळलेला असू द्या. एखाद्या वयोगटाच्या संघासोबत मदतनीस म्हणून राहता आलं तर राहा, पण मानसिक सल्ला द्यायला नव्हे. बॅगा उचला, वेळा लिहा, ऐका.

आणि एक काम या आठवड्यातच करा. तुम्ही कधी न खेळलेल्या खेळाच्या सरावाला जा. मी तिरंदाजीला गेले होते. वही घेऊन दोन तास बसले आणि फक्त दिसेल ते लिहायचं ठरवलं, अर्थ लावायचा नाही. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "लाल टोपीवाली घाबरलेली आहे." सुपरव्हायझरने त्यावर काट मारली आणि विचारलं, "तुला दिसलं काय?" दिसलं होतं एवढंच की तिने दोरी ओढली, धरून ठेवली आणि बाण न सोडता खाली घेतली. चार वेळा. नंतर तिच्या प्रशिक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, "शाब्बास म्हणायला हवं तिला. शॉट जुळला नाही की सोडायचा नाही, हे आम्ही महिनाभर शिकवतोय."

तुमची वही भरली की त्यातलं एक पान इथे लिहा. आणि एक विचारायचं राहिलं: खांदा बरा झाल्यावर तुम्ही घड्याळ न लावता, नुसतंच, पाण्यात उतरलात का?